इंजिन बांधताना आट्यांना काय लावावे?

आम्ही कापडाचे व्यापारी. इंजिनाच्या कामावर आम्ही लेखणी उचलावी, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण एका लहानशा चुकीपायी आमच्या जीपचे इंजिन दोनदा उघडावे लागले. ती चूक गॅरेजमधल्या कोणत्याही कारागिराकडून रोज होऊ शकते आणि तिची किंमत गिऱ्हाईक व कारागीर दोघांनाही मोजावी लागते. म्हणून त्या अनुभवातून आम्ही जे शिकलो, ते येथे क्रमाने मांडतो.

आमच्या घरी 1968 सालची महिंद्रा जीप आहे. हिचे बोनेट उंच असते, कारण आतले हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच आहे. चार सिलिंडर, सुमारे 2200 सीसी, पेट्रोलवर चालणारे. आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, अशी त्याची जुनी रचना. आमचे वडील याच जीपमध्ये कापडाची गाठोडी भरून नारायणगाव, जुन्नर, मंचर अशा बाजारांना जात. पुढे अशा बऱ्याच जीपांत डिझेल इंजिने बसवली गेली. आम्ही मात्र मूळ इंजिन जपले.

खोडदच्या रस्त्यावर काय घडले

2019 च्या जानेवारीत आम्ही इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधून घेतले. रिंगा, बेअरिंगे, व्हॉल्व्ह, गॅस्केट, सगळे नवे घातले. फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी मुलांना घेऊन खोडदला निघालो. तेथे 45 मीटर व्यासाच्या तबकड्यांची मोठी रेडिओ दुर्बीण आहे. अशा एकूण 30 तबकड्या त्या परिसरात पसरल्या आहेत आणि दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या सुमारास त्या पाहायला शाळांची मुले लोटतात. तबकड्या दिसू लागल्या आणि आमच्या जीपच्या बोनेटमधून वाफ येऊ लागली. रेडिएटर निम्मे रिकामे झाले होते. हेडवरच्या तीन-चार बोल्टांच्या डोक्यांभोवती गंजाच्या रंगाचे पाणी जमले होते.

गावात एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक वयस्कर फिटर होते. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांनी बोल्टांवर नुसती नजर टाकली आणि विचारले, "शेठ, हेडच्या बोल्टांना काय लावलंय?"

आम्ही सांगितले, "सिलिकॉन. सगळ्या इंजिनाला तेच लावलंय, नाना. चांगलं महागाचं आणलं होतं."

"महागाचं असू द्या. पण बोल्टाच्या भोकाच्या पलीकडं काय आहे, ते आधी कुणी बघितलं होतं का?"

कोणीच बघितले नव्हते. आमच्या मिस्त्रीने नाही आणि आम्हीही नाही. ट्यूबवर इंग्रजीत बारीक अक्षरांत सूचना छापल्या होत्या. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले आणि मिस्त्रीची शाळा चौथीतच सुटली होती. दोघांनीही त्या सूचना वाचल्या नाहीत. नंतर मुलीकडून वाचून घेतल्या, तेव्हा कळले की ते सिलिकॉन दोन सपाट भागांमधल्या पॅकिंगसाठी होते, आट्यांसाठी नव्हतेच. इंजिन दुसऱ्यांदा उघडले तेव्हा ऑईल चेंबरमध्ये, तेल उचलणाऱ्या जाळीवर सिलिकॉनच्या शेवया अडकलेल्या सापडल्या. चेंबरच्या कडेला भरमसाट लावलेले सिलिकॉन दाबून आत आले होते आणि तुटून तेलात पडले होते. जाळी बुजल्याने तेल कमी पडत होते आणि नवी बेअरिंगे ओरखडली होती.

आट्यांतून पाणी येतेच कसे?

बोल्ट घट्ट आवळला म्हणजे वाट बंद झाली, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. बोल्ट आवळला की त्याचे आटे भोकातल्या आट्यांवर एका बाजूनेच टेकतात. दुसऱ्या बाजूला बारीक फट राहते. ती आट्यांबरोबर गोल फिरत वर येते, जणू जिन्यासारखी. भोक पाण्यात किंवा तेलात उघडत असेल, तर दाबाखालचे पाणी त्या जिन्याने चढते आणि बोल्टाच्या डोक्याखालून बाहेर पडते. ही फट बुजवण्यासाठी जो लेप लावतात, त्याला बाजारात सीलंट म्हणतात. बोल्ट हादऱ्याने ढिला होऊ नये म्हणून लावतात ते लॉकर. काही द्रव दोन्ही कामे थोडीफार करतात, पण दोघांचे हेतू निराळे आहेत हे ध्यानात ठेवावे.

कापडाच्या धंद्यात एक गोष्ट पोरालाही ठाऊक असते. सुताला चढणारा रंग पॉलिस्टरला चढत नाही आणि लोकरीचा रंग सुतावर टिकत नाही. धागा कोणता ते पाहून रंग निवडावा लागतो. इंजिनातही भोक कोणते ते पाहून लेप निवडावा लागतो. त्यासाठी प्रत्येक बोल्टाला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: भोकाच्या पलीकडे काय आहे? पाणी, तेल, पेट्रोल, आगीचा धूर, की काहीच नाही?

दुसरा प्रश्न: हा बोल्ट पुन्हा फिरवावा लागणार आहे का? लागणार असेल तर केव्हा?

तिसरा प्रश्न: तेथे उष्णता किती आहे आणि कोणते दोन धातू एकमेकांना भिडतात?

भोक कसे तपासावे?

ब्लॉक रिकामा असताना हे काम दहा मिनिटांचे आहे. भोकात बारीक तार घालावी. ती तळाला टेकली तर भोक बंद आहे. पुढेच जात राहिली तर ते कशात तरी उघडते. खात्रीसाठी भोकात थोडे रॉकेल ओतावे आणि ते कोठून बाहेर येते ते पाहावे. पाण्याच्या कप्प्यात उतरले तर खडूने "पा" लिहावे, तेलाकडे गेले तर "ते". जुन्या ब्लॉकमध्ये गंजाने पातळ झालेल्या भिंतीतूनही वाट पडलेली असते. म्हणून "या इंजिनात तसे नसते" असे कोणी सांगितले, तरी आपली तार घालून पाहावी. आमच्या इंजिनात हेडच्या बोल्टांची भोके पाण्यात उघडणारी निघाली. हा प्रकार केवळ जीपचा नव्हे. अमेरिकेतल्या शेवरोले कंपनीच्या 1955 साली निघालेल्या प्रसिद्ध आठ सिलिंडरी इंजिनातही हेडचे बोल्ट पाण्याच्या कप्प्यात उतरतात आणि तेथले कारागीर ते सीलंटशिवाय बसवत नाहीत.

कोठे काय लावावे?

1) पाण्यात उघडणारे हेडचे बोल्ट. येथे दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. जुन्या पद्धतीचे गॅस्केट पहिल्यांदा तापल्यावर दबते. म्हणून इंजिन एकदा तापवून, आणि पुढे काही शे किलोमीटर चालल्यावर, हेड पुन्हा आवळावे लागते. बोल्टाला कडक वाळणारा लेप लावला असेल, तर हे आवळताना तो थर फुटतो आणि गळती सुरू होते. आमच्या जीपचे नेमके हेच झाले. म्हणून अशा बोल्टांना कधीही कडक न होणारा, मऊ राहणारा सीलंट लावावा. निळ्या रंगाचा हायलोमार हा त्यातला प्रसिद्ध लेप. विमानाच्या इंजिनांसाठी रोल्स-रॉईस कंपनीच्या कामातून तो पुढे आला.

बोल्टाऐवजी स्टड असतील, तर गोष्ट सोपी होते. स्टडचा खालचा भाग ब्लॉकमध्ये कायम राहतो आणि वरचा नट तेवढा फिरतो. म्हणून स्टडच्या खालच्या आट्यांना वाळणारा सीलंटही चालतो. वरच्या आट्यांना फक्त तेल लावावे.

हरिकेन इंजिनवाल्यांसाठी आणखी एक सूचना. हेडचा एक बोल्ट कार्बुरेटरच्या खाली, हवेच्या वाटेत लपलेला असतो. कार्बुरेटर काढल्याशिवाय तो दिसत नाही. हेड पुन्हा आवळताना तो हमखास विसरला जातो.

2) तेलात उघडणारे बोल्ट. पुष्कळ इंजिनांत फ्लायव्हीलचे किंवा पुढच्या कव्हरचे काही बोल्ट आतल्या तेलापर्यंत जातात. हे वारंवार फिरवावे लागत नाहीत. येथे हवाबंद जागेत घट्ट होणारा सीलंट चांगला. मात्र आटे तेलकट राहिले तर तो नीट धरत नाही.

3) बंद, कोरडी भोके. येथे गळतीचा प्रश्नच नाही. आट्यांना तेलाचा हलका हात पुरे. हादरे बसत असतील तर लॉकरचे एक-दोन थेंब टाकावेत. पण बंद भोकात तेल, पाणी किंवा लेप कधीही साचू देऊ नये. द्रव दाबला जात नाही. वरून बोल्ट आवळला की तो सगळा जोर ब्लॉकच्या भिंतीवर येतो आणि बीड तडकते. सीलंटच्या एका थेंबापायी ब्लॉक गमावण्याची पाळी येते.

4) धुराकडचे, म्हणजे एक्झॉस्टचे स्टड. येथल्या उष्णतेत साधे सीलंट जळून जातात. साधा लॉकर सुमारे 150 अंशांपर्यंतच टिकतो. येथे प्रश्न गळतीचा नसून गंजून चिकटण्याचा असतो. तांब्याची किंवा निकेलची भुकटी असलेले, न चिकटू देणारे वंगण लावावे. पितळी नट वापरल्यास पुढच्या वेळी स्टड तुटत नाही.

5) कनेक्टिंग रॉड आणि मेन बेअरिंगचे बोल्ट. यांना फक्त स्वच्छ तेल लावावे. कंपनीच्या पुस्तिकेत जी लॉकपत्री, पिन किंवा जोर सांगितला असेल, तोच धरावा. "जरा जास्त सुरक्षित" म्हणून येथे आपल्या मनाने काही लावू नये.

6) तेलाच्या दाबाचा आणि पाण्याच्या उष्णतेचा सेंडर. यावर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळण्याची सवय नळकामातून आली आहे. सूत आणि सफेद्याची जागा पट्टीने घेतली. नळात ती ठीक. इंजिनात मात्र दोन धोके आहेत. पट्टीचा तुकडा तुटून तेलाच्या बारीक वाटेत अडकू शकतो. शिवाय सेंडरला आर्थिंग आट्यांतूनच मिळते. जाड पट्टीने ती तुटली तर काटा खोटे दाखवतो. येथे टेफ्लॉनयुक्त पातळ सीलंट लावावा आणि टोकाकडचे पहिले दोन आटे कोरडे सोडावेत, म्हणजे लेप आत जात नाही.

7) पेट्रोलचे जोड. साधे सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगते आणि सुटते. ते येथे चालत नाही. नळीचे तोंड फुलवून बसवलेला जोड असेल, तर गळती आट्यांनी नव्हे, त्या फुललेल्या तोंडाने थांबते. तेथे आट्यांना काही लावून उपयोग नाही. तांब्याचे वॉशर असेल तर ते लालबुंद तापवून पाण्यात विझवावे, म्हणजे पुन्हा मऊ होऊन नीट बसते.

8) स्पार्क प्लग. सीलंट लावू नये.

बाटली अर्धी रिकामी का असते?

हवाबंद जागेत घट्ट होणाऱ्या द्रवाची गंमत कारागिरांनी समजून घ्यावी. अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी 1953 साली तो व्यापारी वापरासाठी तयार केला. पुढे लॉकटाईट या नावाने तो जगभर गेला. हवेतला प्राणवायू लागत असेतोवर हा द्रव पातळच राहतो. आट्यांच्या फटीत हवा मिळत नाही आणि लोखंड किंवा तांबे लागते, की तो घट्ट होऊ लागतो. म्हणूनच बाटली पूर्ण भरत नाहीत. आत हवा राहावी लागते. गिऱ्हाईक म्हणते की दुकानदाराने मापात मारले. तसे नसते.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, स्टेनलेस स्टीलवर किंवा जस्ताच्या मुलाम्यावर तो सावकाश धरतो, तेथे त्याचा प्रायमर लागतो. दोन, पूर्ण घट्ट व्हायला त्याला साधारण 24 तास द्यावेत, आणि आपल्या जुन्नर भागातल्या थंडीत त्याहून जास्त. तीन, सांडलेला थेंब बाहेर ओलाच राहतो, तो पुसून घ्यावा.

लॉकरमध्ये साधारणपणे जांभळा हलका, निळा मध्यम आणि लाल कडक असतो. निळा हाताच्या पान्याने सुटतो. लाल सोडवायला सुमारे 250 अंशांपर्यंत तापवावे लागते. लहान स्क्रूला लाल लावला तर स्क्रूच तुटतो. तरीही केवळ रंगावर विसंबू नये. सर्व कंपन्यांचे रंग सारखे नसतात. क्रमांक, काम आणि मुदतीची तारीख वाचूनच माल घ्यावा.

लावण्याची रीत

आटे आधी तारेच्या ब्रशने आणि थिनरने साफ करावेत. जुन्या आट्यांत नवा धारदार टॅप घालू नये, तो धातू खरवडतो. त्याच मापाचा जुना बोल्ट घेऊन त्याला उभ्या दोन-तीन खाचा पाडाव्यात आणि तो भोकातून फिरवावा. घाण खाचेत येते, आटे शाबूत राहतात. मग हवेने भोक कोरडे करावे. बोल्ट एकदा नुसत्या हाताने शेवटपर्यंत जातो का ते पाहावे. जात नसेल तर दोष आट्यांत आहे, लेपाने तो झाकू नये.

लेप थोडाच लावावा. आटे भरले पाहिजेत, ओघळले नाही पाहिजेत. मग टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावे. येथे एक हिशोब आहे. पान्याला दिलेल्या जोराचा साधारण नऊ-दशांश भाग घर्षणातच खर्च होतो आणि जेमतेम एक-दशांश बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. आट्यांना तेल किंवा लेप लागला की घर्षण घटते आणि तेवढ्याच जोराने बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणून पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेलाच्या, हे आधी पाहावे. कोरड्याचा आकडा ओल्या बोल्टाला लावल्यास बोल्ट ताणून निकामी होतो.

धंद्याची बाजू

सीलंटची एक ट्यूब आणि पूर्ण इंजिनाची मजुरी यांची बरोबरी करून पाहा. ट्यूब चुकली की गॅस्केट जाते, तेल जाते, बेअरिंगे जातात आणि कारागिराचे चार दिवस फुकट जातात. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा मजुरी देत नाही आणि पुन्हा येतही नाही.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट वाढली आहे. 2021 साली केंद्र सरकारने 50 वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि नूतनीकरणाची 5,000 रुपये. ही गाडी धंद्यासाठी वापरता येत नाही. आणि तिचे मूळ स्वरूप राखलेले असावे लागते, चॅसी, बॉडी व इंजिनात मोठा बदल चालत नाही. म्हणजे मूळ ब्लॉक तडकला तर नुसते लोखंड जात नाही, गाडीची ओळखच धोक्यात येते. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी 2023 साली उतरली. अँबॅसेडर तयार होणे 2014 सालीच थांबले. आता या गाड्या ज्यांनी जपल्या आहेत, ते जाणणारा हात शोधत येतात. जो कारागीर त्यांचे इंजिन एकदाच उघडून नीट बांधील, त्याला त्याची रास्त मजुरी मागता येईल.

त्यासाठी आमच्या तीन सूचना आहेत. प्रत्येक इंजिनाचे एक कार्ड करावे आणि कोणत्या बोल्टाला काय लावले ते त्यावर लिहावे. पुढच्या वेळी उघडणाऱ्याला ते मोलाचे ठरते. सीलंट आणि लॉकर यांची किंमत बिलात वेगळी दाखवावी, गिऱ्हाईक हसत देते. आणि तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची: ट्यूबवरच्या सूचना घरातल्या शिकलेल्या मुलामुलीकडून वाचून घ्याव्यात, उर्दू किंवा मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून गॅरेजच्या भिंतीवर लावाव्यात. विचारण्यात कमीपणा नाही. आमच्या मिस्त्रीच्या भिंतीवर असा कागद आज आहे, आमच्या मुलीच्या हातचा. त्याची पहिली ओळ नानांचीच आहे: "भोकाच्या पलीकडं काय आहे, ते आधी बघा."

इंजिन दुसऱ्यांदा बांधले ते याच रीतीने. हेडच्या बोल्टांना मऊ सीलंट लावला, तापल्यावर हेड पुन्हा आवळले आणि कार्बुरेटरखालचा लपलेला बोल्टही विसरलो नाही. तेव्हापासून बोल्टांच्या डोक्यांभोवती पाण्याचा थेंब आलेला नाही.